स्वतःचा मास्क-स्नॉर्कल: नऊ महिन्यांचा वापर आणि कोझुमेलच्या एका दिवसाचा हिशेब

ऑक्टोबरात मी मास्क-स्नॉर्कलचे, म्हणजे पाण्यात बघायचा काचेचा मुखवटा आणि श्वास घ्यायची नळी यांचे, दोन संच घेतले तेव्हा हे म्हणाले, "नागपुरात बसून समुद्राचं सामान काहून घेतेस? तिथं भाड्यानं मिळते नं!" मुलगी-जावई अमेरिकेत टेक्सासमधल्या ह्यूस्टनला असतात. डिसेंबरात त्यांच्यासोबत गॅल्व्हेस्टनहून क्रूझनं मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर जायचं आणि तिथल्या चांकानाब बीच पार्कात एक दिवस स्नॉर्केलिंग करायचं, असा बेत होता. एका दिवसासाठी सात हजारांची खरेदी. आता ते मास्क इथल्या पोहण्याच्या तलावात, कोझुमेलला कॅरिबियन समुद्रात आणि मे महिन्यात मालवणात वापरून झालेत.

घेण्याचं कारण एकच, ह्यांचा उणे साडेचारचा चष्मा. चष्म्याच्या काड्या मास्कखाली आल्या की कड चेहऱ्याला बसत नाही आणि पाणी आत शिरतं. चष्मा काढला तर मासे म्हणजे नुसते रंगीत डाग. मास्कमध्ये बसणाऱ्या तयार नंबरच्या लेन्स मिळतात, बहुधा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यानं. चष्म्यातला सिलिंडरचा (दृष्टिवैषम्याचा) नंबर त्यात सहसा नसतो, तरी ह्यांचं काम भागलं. घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकानं श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तरच घ्या. ह्यांच्या मिशीतून मात्र थोडं झिरपतंच. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मी मुद्दाम टाळला, कारण त्यात सोडलेला श्वास साचून राहू शकतो.

नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे पहिल्या दिवशी तलावात सगळं धुकंच दिसलं. साधी पांढरी टूथपेस्ट दोन-तीनदा चोळून धुतल्यावर काच निवळली. पंधरा दिवस आम्ही नळीत शिरलेलं पाणी फुंकून काढायचा सराव केला. त्याचं मोल चांकानाबला कळलं. तिथला किनारा खडकाळ आहे. पायऱ्या उतरून पाण्यात शिरायचं, आणि पाय टेकेल असा उथळ भाग लगेच संपतो.

आता खर्चाचं. व्हिसाचा वेगळा खर्च आला नाही, कारण अमेरिकेचा वैध व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोत पर्यटनासाठी जाता येतं. बंदरापासून पार्कापर्यंत जहाजाची सहल घ्या किंवा आपली टॅक्सी करा. सहलीचे पैसे माणशी लागतात, टॅक्सीचे गाडीमागे, म्हणून आम्हा चौघांना टॅक्सीच परवडली. मात्र जहाजाची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. दोघंच असाल आणि जीव धास्तावत असेल तर सहलीचे जास्तीचे पैसे द्या, मी तेच करीन. हिवाळ्यात कोझुमेलचं घड्याळ टेक्सासच्या एक तास पुढे असतं, आणि आमच्या जहाजानं टेक्सासचीच वेळ ठेवली होती. फोनवर विसंबलो असतो तर पाण्यातला एक तास फुकट गेला असता.

पार्काचं तिकीट मोठ्या माणसाला तीस डॉलरच्या आतबाहेर धरा. भाड्याचं सामान, लॉकर आणि जेवण वेगळं मोजा. टॉवेल जहाजाचेच नेले, पण ते हरवले तर खात्यावर पैसे चढतात. एक गोष्ट जावयानं वेळेवर सांगितली म्हणून बरं झालं: मेक्सिकोत पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच लिहितात, तेव्हा आकडा पाहून दचकण्याआधी चलन विचारा. कार्ड चालवताना मशीन रुपयांत घेऊ का विचारतं, तिथं पेसोच निवडा. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावरचं जादा शुल्क) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे शंभर डॉलरमागे चार डॉलर तेरा सेंट उगाच गेले. पुढच्या वेळी मार्कअप नसलेलं कार्ड घेऊनच निघेन. सनस्क्रीनऐवजी आम्ही पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घातले, कारण सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला घातक असतात.

निव्वळ भाड्याशी ताडलं तर एका दिवसात सात हजार वसूल होत नाहीत, हे खरंच सांगते. पण पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो तो कुरकुर आवाज पाण्यात ऐकू येतो. तो आवाज ऐकून ह्यांनी माझा हात ओढला आणि तो मासा स्वतः मला दाखवला. निळा, हिरवा, गुलाबी, सगळे रंग त्यांना दिसत होते. त्यानंतर "काहून घेतलं" हे पुन्हा निघालं नाही. मालवणचं पाणी कॅरिबियनइतकं नितळ नव्हतं, तरी हे तिथं माझ्याआधी पाण्यात होते.

नऊ महिन्यांत काच आणि लेन्सला काही झालेलं नाही. दर वेळी गोड्या पाण्यानं धुते आणि सावलीत वाळवते. चूक झाली ती मालवणहून परतल्यावर. माझा मास्क आठवडाभर माळ्यावर राहिला, आणि नागपूरच्या मे महिन्यात तिथं काय तापतं ते इथल्यांना सांगायला नको. पट्टा चिकट झाला, सिलिकॉनची कड एका बाजूला वाकली. कड कोमट पाण्यात ठेवल्यावर बरीच सरळ झाली. पट्टा बदलावा लागेल, तो सुटा मिळतो. मुलगी दिवाळीत येणार आहे, त्याआधी मागवते.