चित्रकार्डं की टॅबलेट?

तीन वर्षांचं मूल, नुकतंच ऑटिझमचं निदान, शब्द अजून नाहीत. हवं ते मागायला एकजण सांगतो चित्रांची कार्डं करा, मूल कार्ड हातात देऊन मागेल; दुसरा म्हणतो टॅबलेट घ्या, चित्राचं बटण दाबलं की तो शब्द बोलेल. यामुळे बोलणं मागे पडेल, ही भीती आधी काढून टाका; दोन्हींमुळे तसं होत नाही.

खर्च: कार्डांना रंगीत प्रिंट, लॅमिनेशन, वेल्क्रो आणि एक फाइल पुरते. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ ॲप मराठीत आहे आणि मोफत. पैसे जातात टॅबलेटला.

मेहनत: खरी गोम इथे. कार्डांना सुरुवातीला दोन माणसं लागतात. एक समोर बिस्किटाचा तुकडा धरतो, दुसरा मुलाच्या मागे बसतो. हात बिस्किटाकडे गेला की मागचा अवाक्षर न काढता तो हात कार्डाकडे वळवतो आणि कार्ड समोरच्याच्या तळहातावर ठेववतो. तुकडा लगेच द्यायचा, सोबत फक्त ‘बिस्कीट!’. ‘काय हवं? कार्ड दे ना’ असं आधी विचारत राहिलं, तर मूल विचारल्याशिवाय मागतच नाही.

टॅबलेटवर आपणही बोलताना बटणं दाबून दाखवायची, महिनोन्‌महिने. त्यावरच कार्टून लावलं की संपलं. ॲपवर स्क्रीन पिन करून ठेवा, म्हणजे मुलाला दुसरं काही उघडता येणार नाही.

टिकाऊपणा: कार्डं चावली जातात, हरवतात, म्हणून दोन प्रती. टॅबलेटला जाड कव्हर.

मूल मागायला माणसाकडे येतच नसेल, तर कार्डं. चित्रं भराभर ओळखतंय, फाइल फुगलीय आणि बोट नेमकं टेकतंय, तर टॅबलेट. तरी दहा कार्डं पिशवीत असू द्या, चार्जिंग संपतंच.