पद्मिनीच्या आतल्या कामाचा अनुभव : एक उन्हाळा आणि एक पावसाळा उलटल्यानंतर

आतले काम पूर्ण झालेल्या दिवशी कोणतीही जुनी गाडी देखणीच दिसते. म्हणून आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या दारांची पॅनेल, छताचे अस्तर, स्टिअरिंगचे चाक आणि क्रोमची हँडल यांच्यावर केलेल्या कामाविषयी लिहिण्याआधी मे महिन्याचे ऊन आणि पाठोपाठचा सगळा पावसाळा त्यांच्यावरून जाऊ दिला. गाडी ठाण्यात उघड्यावर उभी असते आणि नियमित चालवली जाते, हे लक्षात घेऊन पुढचे वाचावे. रेक्झिनचा रंग आणि शिवण निवडण्यात आपण जितका वेळ घालवतो त्याच्या निम्मा वेळ जरी त्यामागच्या न दिसणाऱ्या थरांना दिला, तरी काम कितीतरी अधिक टिकते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

सर्वांत जास्त शिकायला मिळाले ते दारांच्या पॅनेलांतून. मूळ पॅनेल म्हणजे हार्डबोर्डवर ताणून चिकटवलेले रेक्झिन, आणि आमच्या चारही दारांवर हा हार्डबोर्ड खालच्या कडेला फुगून वाकला होता. खिडकीच्या काचेला लागून पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. ते तळाच्या भोकांतून बाहेर जावे अशीच दाराची रचना असते, आणि आतला पत्रा व पॅनेल यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद लावलेला असेल तरच पॅनेल कोरडे राहते. जुन्या गाड्यांत काचेची मशीन, म्हणजे काच वरखाली करणारी यंत्रणा, दुरुस्त करताना कोणीतरी हा कागद फाडून टाकलेला असतो आणि पुन्हा लावण्याची तसदी कोणी घेत नाही. आम्ही तीन दारांना पातळ मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूड, वापरला, कडांना आणि पॅनेल दाराला धरून ठेवणाऱ्या क्लिपांच्या भोकांना वॉर्निशचे दोन हात दिले, आणि चौथ्या दारावर तुलनेसाठी नवा हार्डबोर्डच तशाच वॉर्निशसह ठेवला. चारही दारांत जाड प्लॅस्टिक ब्युटाइल टेपने, म्हणजे पाणी न शिरू देणाऱ्या चिकट रबरी पट्टीने, चिकटवून त्याचे खालचे टोक दाराच्या पोकळीत वळवले, म्हणजे त्यावरून ओघळणारे पाणी पुन्हा आतच पडते. पावसाळ्यानंतर पॅनेल काढून पाहिली तेव्हा हार्डबोर्डचे पॅनेलही जवळजवळ प्लायच्या पॅनेलांइतकेच सरळ होते, फक्त खालच्या एका स्क्रूभोवती किंचित फुगवटा होता. म्हणजे खरी राखण प्लॅस्टिक करते. प्लायवर खर्च करावा, पण त्याच्या भरवशावर प्लॅस्टिक टाळू नये. प्लाय घेतलाच तर त्याची जाडी मूळ हार्डबोर्डच्या जवळपासच हवी, नाहीतर क्लिपा पत्र्यात पूर्ण बसत नाहीत.

रेक्झिन चिकटवण्यासाठी कुशनवाल्याने रबराच्या जातीचे सोल्युशन वापरले, जे दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासे झाल्यावरच दाबायचे असते. सपाट भागावर ते भर उन्हाळ्यातही हलले नाही. हाताच्या टेकूखालच्या खोलगट वळणावर मात्र रेक्झिन सुटले, कारण ताणलेले रेक्झिन सरळ व्हायला पाहते आणि उष्णतेने सोल्युशन मऊ पडते. अशा जागी मागून पट्टी शिवून ती प्लायला ठोकणे हाच उपाय. आणखी एक त्रास म्हणजे नव्या रेक्झिनमधील मऊपणा देणारे द्रव्य उन्हात उडते आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट पापुद्रा धरते. सुरुवातीला काच वारंवार पुसावी लागली. आता तो प्रकार बराच कमी झाला आहे. सिलिकॉनची चकचकीत पॉलिश मी लावू दिली नाही, कारण तिच्यावर पुढे ना रंग धरतो ना सोल्युशन.

स्टिअरिंगच्या चाकाला आऱ्यांजवळ भेगा होत्या. आत पोलादी कडे आणि वरून कडक प्लॅस्टिक अशी त्याची घडण असते. वर्षानुवर्षे प्लॅस्टिक आक्रसते, पोलाद आक्रसत नाही, आणि तापमान बदलले की दोघांचे प्रसरणही सारखे नसते. गाडीच्या पत्र्यावर भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, इथे टिकत नाही. भेग इंग्रजी व्ही अक्षरासारखी रुंद करून त्यात दोन भागांचे इपॉक्सी भरले, वॉटर पेपरने घासले आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिला. एक भेग केसाइतकी पुन्हा दिसू लागली आहे, बाकीच्या भरलेल्या जागा शाबूत आहेत. चाक रोज हातात असते, तरी रंग अजून उडालेला नाही. मला यापेक्षा कमीच अपेक्षा होती.

क्रोमच्या हँडलांबाबत मात्र मी निराश आहे. ही हँडल जस्ताच्या मिश्रधातूची, म्हणजे कारागिरांच्या भाषेत मझॅकची असतात. त्यांच्यावर आधी तांबे, मग निकेल आणि शेवटी क्रोमचा एक मायक्रॉनहूनही पातळ थर चढतो. गंजापासून संरक्षण मुख्यतः निकेलच करते. ज्या हँडलांवर आधीच खड्डे पडले होते त्यांच्यावर पावसाळ्यानंतर पुन्हा फोड दिसू लागले, कारण खड्ड्यातला गंज पूर्ण काढून तो तांब्याने भरला नाही तर वरचे थर त्याला झाकतात, थांबवत नाहीत. जी हँडल मुळात सपाट होती ती उत्तम राहिली आहेत.

छताचे अस्तर आडव्या तारांवर ओवून ताणलेले असल्याने तिथे सोल्युशनचा संबंध फक्त कडांपुरताच येतो, आणि त्याबद्दल काहीही तक्रार नाही. गालिचा साधाच घ्यावा, पण सुटा, म्हणजे ओला झाल्यावर बाहेर काढून वाळवता येतो.

सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड अजूनही उपयोगी पडतो, पण मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाल्यानंतर मोडीत निघणाऱ्या गाड्यांतून येणारा माल आटत जाणार हे उघड आहे. मी स्वतः खड्डे नसलेल्या जुन्या हँडलांचा एक जोड, काचेच्या मशीनखालच्या चकत्या आणि दारांच्या क्लिपा आताच घेऊन ठेवल्या आहेत; नव्या क्लिपा मिळतात, पण त्यांचा ताण कमी पडतो आणि खडबडीत रस्त्यावर पॅनेल वाजू लागते.