ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्ज हिब्रू डिक्शनरी: एका 'नेफेश'साठी घेतली

बायबलच्या जुन्या करारातल्या हिब्रूची ही डिक्शनरी मी घेतली ती मुळात एका शब्दासाठी, 'नेफेश'. बायबलमधल्या स्तोत्र ६९ च्या सुरुवातीलाच माणूस देवाला हाक मारतोय की वाचव मला, पाणी माझ्या नेफेशपर्यंत आलंय. १६११ च्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलमध्ये इथे 'सोल', म्हणजे आत्मा, घातलंय. आता पाणी आत्म्यापर्यंत आलं म्हणजे नेमकं कुठपर्यंत आलं? पुढच्याच ओळीत तो म्हणतो मी खोल चिखलात रुततोय, पाय टेकायला जागा नाही. अहो बुडतोय तो, पाणी गळ्याशी आलंय त्याच्या!

तर डिक्शनरी उघडली. आधी सांगते, शब्द सापडायलाच वेळ लागतो कारण मांडणी धातूप्रमाणे आहे, म्हणजे 'मिझ्बेआख' म्हणजे वेदी, पण तिचा अर्थ 'म'मध्ये नाही, 'झाबाख' म्हणजे बळी देणे या धातूखाली मिळतो. आणि बायबलच्या दानिएल या पुस्तकात हिब्रूची बहीण-भाषा अरामीही येते, तिचे शब्द एकदम शेवटी वेगळे. हिब्रू नुकतीच सुरू केली असेल तर प्लीज ही पहिली घेऊ नका.

पण एकदा 'नेफेश'ची नोंद सापडली की मग उठवत नाही. हा शब्द साडेसातशेच्या आसपास वेळा येतो आणि प्रत्येक अर्थासोबत वचनांचे संदर्भ दिलेत, म्हणजे लगेच उघडून ताडून बघता येतं. जीव, प्राण, स्वतः, माणूस, भूक, इच्छा. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात पाण्यातले प्राणीसुद्धा 'नेफेश खाय्या' (जिवंत नेफेश), म्हणजे हे काही फक्त माणसाचं नाही. आणि बायबलच्याच गणना या पुस्तकात ६:६ मध्ये तर चक्क प्रेताला नेफेश म्हटलंय, ते वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसले, कारण 'अमर आत्मा' हा अर्थ तिथे बसूच शकत नाही ना.

डिक्शनरी कमी पडते ती नेफेशच्या 'घसा' या अर्थापाशी. डिक्शनरी १९०६ ची, आणि सीरियातल्या रास शम्राच्या पाट्या, हिब्रूच्या जवळच्या उगारितिक भाषेतल्या, सापडायला लागल्या १९२९ मध्ये, त्या भाषेतही या शब्दाचा घसा असा अर्थ आहे. नंतरच्या कोहलर-बाउमगार्टनर या हिब्रू कोशामध्ये 'घसा' पहिलाच अर्थ आहे, इथे तो ठळक दिसत नाही. बायबलमधलं यशया ५:१४ बघा, शेओल (मृतांचं जग) आपला नेफेश रुंद करतो आणि लगेच तोंड वासतो. गणना ११:६ मध्ये वाळवंटात मासे आणि काकड्या आठवून लोक रडतायत, आमचा नेफेश सुकला म्हणतायत. घसाच की तो!

मला वाटतं मराठीत 'आत्मा'पेक्षा 'जीव' कितीतरी जवळचा आहे. जीव कंठाशी येतो, जीव जातो, जीव लावतो, जीव तुटतो, सगळं त्या एका शब्दात, अगदी नेफेशसारखं. फक्त ते प्रेत तेवढं 'जीव'मध्ये बसत नाही.

थोडी हिब्रू येत असेल तर जरूर घ्या, पण नव्या कोशाशी ताडून बघत जा. जुने स्कॅन नेटवर फुकट मिळतात, पण मला मिळालेल्यात स्वरांचे ठिपके इतके धूसर होते की दोनदा चुकीचा शब्द वाचला, त्यामुळे छापीलच बरी, अक्षर बारीक असलं तरी.