अरिफुरेता – घरी जायचंय म्हणणारा हिरो

इसेकाई, म्हणजे हिरो दुसऱ्या जगात जाऊन पडतो अशा गोष्टींच्या जपानी लाइट नॉव्हेल (तरुणांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या) मी बरीच वाचलीत आणि दरवेळी एकच गोष्ट खटकते, पोरगं दुसऱ्या जगात जाऊन पडतं, तलवार मिळते, जादू मिळते आणि तिसऱ्या चॅप्टरपर्यंत आईबापांना साफ विसरतं. आपण वनवासाच्या गोष्टी ऐकत वाढलो, त्यात परत येणं आलंच ना, तिकडे भरत पादुका ठेवून वाट बघतोय हे डोक्यातून जातच नाही. म्हणून रियो शिराकोमेची अरिफुरेता मला इतकी जवळची वाटली.

दुपारच्या सुट्टीत अख्खा वर्ग तोर्तुस नावाच्या जगात ओढला जातो. बाकीच्यांना भारी भारी शक्ती आणि हाजिमे नागुमोच्या वाट्याला साधी कारागिरी, वर वर्गातलाच एक जण दगा देतो आणि हा पाताळासारख्या भुयारात कोसळतो. डावा हात जातो, जगायचं म्हणून राक्षसी जनावरांचं मांस खातो, केस पांढरे होतात. आणि तिथे तो काय ठरवतो, तर घरी जायचं. सूड वगैरे नाही, जग वाचवणं तर अजिबातच नाही. बाबांची गेम कंपनी, आई मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स काढणारी, त्या घरात परत जायचं, बस. त्यासाठी ७ भुयारं पार करायची तर करायची.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे म्यू. समुद्रातल्या लोकांची चिमुरडी, पळवून आणलेली, ती हाजिमेला पप्पा म्हणायला लागते आणि हा दगडासारखा झालेला मुलगा स्वतःचं घर अजून कुठेच दिसत नसताना तिला तिच्या आईकडे पोचवायला निघतो. माझ्या डोळ्यात पाणी आलं खरंच. आणि ऐको टीचर, त्यांची शक्ती शेतीची, पण त्यांना आपली सगळी पोरं परत न्यायचीत. हाजिमेला त्या सुनावतात की फक्त स्वतःपुरतं जगणं फार एकटं पाडतं, तेव्हापासून तो हळूहळू माणसात येतो.

आवडलं नाही ते हेच की हाजिमेच्या प्रेमात पडणाऱ्या मुली वाढतच जातात, भुयारात भेटलेली व्हॅम्पायर मुलगी यूए आणि हाजिमेची जोडी एवढी छान जमलेली असताना बाकीच्या कशाला, आणि टीचरसुद्धा त्यातच येतात हे मला अजिबात पटलं नाही. मारामाऱ्याही लांबतात, मधल्या काही मी सरळ पानं उलटून सोडल्या.

मूळ कथा १३ खंडांत संपते, इंग्लिशमध्ये ईबुक आणि छापील दोन्ही आहेत. फक्त यावरची २०१९ ची जपानी कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे आधी बघू नका, त्यात पहिल्याच एपिसोडला हाजिमे थेट भुयारात दिसतो, वर्ग, शाळा हे सगळं घाईत उरकलंय, मग त्याला जिथे परत जायचंय ते आपल्याला नीट दिसतच नाही. पहिला खंड वाचा आणि शाळेची सुरुवातीची पानं सोडू नका.