चोडणच्या खारफुटीत वर्षभर वापरलेली ८×४२ दुर्बीण

मागच्या दसऱ्याला पणजीतल्या एका दुकानातून घेतली, साडेनऊ हजारांना. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. तेव्हापासून महिन्यातले दोन रविवार ती माझ्या गळ्यात असते. आम्ही चौघं रायबंदरहून सकाळच्या फेरीबोटीने चोडणला उतरतो आणि भरती पाहून सलीम अली पक्षी अभयारण्यात होडीतून मोजणी करतो. जागा जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर, पण खारफुटी इतकी दाट की पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो.

होडीसाठी १०×४२ घेऊ नका. ही घेण्याआधी भावोजींची ती मी वर्षभर वापरली. पक्षी दहापट मोठा दिसतो, पण होडीचं डुलणंही दहापट होतं. शिवाय ८×४२ मधून डोळ्यांत येणारा उजेडाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा, तिच्यात ४.२ चा. पहाटेच्या अंधुक उजेडात, फांद्यांच्या सावलीत हा फरक जाणवतो. ब्लॅक-कॅप्ड आणि कॉलर्ड, दोन्ही खंड्यांच्या गळ्याला पांढरी पट्टी. पहिल्याचं पोट तांबूस, दुसऱ्याचं पांढरंशुभ्र. भावोजींच्या दुर्बिणीतून मला दोन्ही पोटं करडीच दिसायची, आणि कितीतरी नोंदी नुसत्या ‘खंड्या’ म्हणून सोडाव्या लागल्या.

फेब्रुवारीत मुनियांच्या थव्यात एक हिरवा-पिवळा पक्षी उतरला. होडीवाले दादा म्हणाले, पोपटाचं पिल्लू. मी चाक फिरवून नीट पाहिलं. मानेवर बारीक काळ्या लाटा, गळ्यावर ठिपके, चोचीच्या वर निळा ठसा. बजी (बजरीगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट), पूर्ण वाढलेला नर. मूळ ऑस्ट्रेलियाचा, इथे कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला. तो मूळच्या पक्ष्यांच्या रकान्यात गेला असता तर आमची यादीच खोटी ठरली असती. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तो ‘एस्केपी’, म्हणजे सुटून आलेला, असा वेगळा नोंदला गेला. पिंजऱ्याचं दार उघडून ‘मोकळं केलं’ म्हणणाऱ्यांनी तो एकटा जीव बघायला हवा होता. नंतर तो दिसला नाही.

एकच तक्रार. खोक्यावर ‘नायट्रोजन भरलेली’, म्हणजे आतून धुकं न धरणारी, असं छापलंय, तरी जुलैत डावी काच आतून धुकटली. दुकानदार आधी वॉरंटीत बसत नाही म्हणाला. तीन खेपा आणि पाच आठवड्यांनी बदलून मिळाली. आता ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते आणि खाऱ्या वाऱ्यातून आल्यावर ओल्या फडक्याने पुसते. चश्मा असेल तर दुकानात चश्मा लावूनच कडेपर्यंत दिसतं का ते पाहा. मला दिसलं, म्हणून घेतली.