गोपनीय मजकूर काढताना : पीडीएफमधील रिडॅक्शन की पानांच्या प्रतिमा?

दस्तऐवज जाहीर करण्यापूर्वी त्यातील नावे, पत्ते किंवा खाते क्रमांक काढायचे असल्यास दोनच मार्ग विचारात घेण्यासारखे आहेत : अ‍ॅक्रोबॅट प्रोसारख्या सॉफ्टवेअरमधील रिडॅक्शनची (निवडलेला मजकूर फाइलमधून कायमचा काढून टाकण्याची) सोय, किंवा मजकूर झाकून प्रत्येक पानाची प्रतिमा करणे. मजकुरावर नुसता काळा चौकोन ठेवणे यात मी धरतच नाही. जानेवारी २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रचारमोहिमेचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दाखल केलेल्या कागदपत्रातील असा ‘झाकलेला’ मजकूर वाचायला कॉपी-पेस्ट पुरेसे ठरले होते.

प्रतिमेच्या मार्गाचा गुण मोठा आहे : पानावर दिसते तेवढेच बाहेर जाते, टिप्पण्या, बुकमार्क, मजकुराचा लपलेला थर असे काही मागे राहत नाही. मीही बराच काळ याच मार्गाने काम करत असे. मात्र प्रतिमेत शोध चालत नाही आणि स्क्रीन रीडरला (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला) तर ते पान कोरेच असते. म्हणून ओसीआर (प्रतिमेतील अक्षरे संगणकाने ओळखून त्यांचा मजकूर तयार करणे) करावे लागते आणि माझा खरा वैताग तेथून सुरू होतो. पान डोळ्यांना बिनचूक दिसते, पण वाचकाने तक्त्यातून कॉपी केलेल्या आकड्यात तीनचे आठ झालेले असतात, त्यामुळे जो मजकूर झाकायचाच नव्हता तोही मूळ प्रतीशी ताडून पाहावा लागतो. कागदावर छापून पुन्हा स्कॅन करणाऱ्यांनी आणखी सावध असावे : झेरॉक्सच्या काही यंत्रांत स्कॅन केलेल्या प्रतिमेतच सहाचे आठ होत असल्याचे जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले होते. सारखे दिसणारे तुकडे एकच मानून फाइल लहान करणारी पद्धत त्यामागे होती.

रिडॅक्शनची सोयही निर्धोक आहे असे नाही. मजकूर नुसता चिन्हांकित करून ‘अप्लाय’ केले नाही, तर तो जागच्या जागी राहतो. मेटाडेटा (लेखकाचे नाव, तारीख अशी फाइलसोबत साठवलेली माहिती) आणि बुकमार्क काढले गेले की नाही हे वेगळे पाहावे लागते. काढलेल्या नावाच्या जागी येणारी काळी पट्टी त्या नावाच्या नेमक्या रुंदीची असेल, तर संभाव्य नावांच्या यादीतून खरे नाव ओळखताही येऊ शकते. तरीही ही सगळी तपासणी काढलेल्या मजकुरापुरती असते आणि उरलेल्या मजकुराला धक्का लागत नाही, हे मला अधिक मोलाचे वाटते.

दोन-चार पानांच्या हस्तलिखित पत्राला प्रतिमा कदाचित सोयीची पडेल. तक्ते असलेल्या अहवालासाठी मात्र मी रिडॅक्शनच वापरतो, पट्टी थोडी रुंद ठेवतो, प्रत नव्या नावाने साठवतो आणि दुसऱ्याच प्रोग्रॅममध्ये उघडून काढलेले प्रत्येक नाव शोधून पाहतो.