मायक्रोआरएनए सीरम की ट्रेटिनॉइनची ट्यूब?

नाशिकजवळच्या गिरणारेला द्राक्षबागेत राबून मावशीच्या गालांवर सुरकुत्यांची जाळी धरलीय. "महागडं मायक्रोआरएनए सीरम घेऊ, की डॉक्टरांनी लिहिलेली ट्रेटिनॉइनची ट्यूब?" तिने विचारलं.

मायक्रोआरएनए म्हणजे पेशीतली सुमारे 22 जनुकीय अक्षरांची साखळी. जनुकाचा निरोप वाटेतच अडवते. त्यातला 'एमआयआर-29' त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, कोलॅजन, घटवतो. तो रोखला तर सुरकुत्या कमी होतील, अशी सीरममागची आशा. मायक्रोआरएनएच्या शोधाला 2024 चं नोबेलही मिळालं. पण एवढा मोठा रेणू नुसता चोळून धड त्वचेत शिरत नाही. मावशीच्या कष्टाचे पैसे त्यात जाऊ नयेत.

ट्रेटिनॉइन हे अ-जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध; स्वस्त, वर्षानुवर्षं पारखलेलं. रात्री मटाराएवढंच लावायचं. आधी सालं निघतात, आग होते. फरक दिसायला महिने लागतात.

मावशीला ट्यूबच, दिवसा सनस्क्रीन आणि स्कार्फ. गरोदर असाल तर ट्यूब नको, सनस्क्रीन पुरे. सीरम तूर्त कुणालाच सुचवणार नाही.